जर्दाळू रंगाचा झगा

१

सुहेरची दुपार ठरलेली होती. जेवणाची भांडी विसळायची, पुदिना घालून चहा करायचा, बाल्कनीच्या लाकडी झडपा अर्ध्या ओढून घ्यायच्या आणि दिवाणखान्यातल्या हिरव्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसायचं. खाली ट्राम खडखडत जायची, समुद्राचा खारट वारा झडपांतून आत यायचा, पण बाईंचं लक्ष कुठं? हातात फोन आणि फोनमध्ये बाहुल्या. त्याही दुसऱ्यांच्या.

बंदराच्या कचेरीतून निवृत्त झालेली बाई. नवरा वारला, एकुलती एक मुलगी रदवा लग्न करून कुवेतला गेली, आणि अलेक्झांड्रियातल्या त्या तीन खोल्यांत सुहेरनं बाहुल्या आणायला सुरुवात केली. पोरींच्या खेळण्यातल्या नव्हेत बरं. कोरियात घडवलेल्या, हातभर उंच, मान, कोपरं, गुडघे, सगळीकडे गोटीसारखे सांधे असलेल्या. काचेचे डोळे आतून मेणानं बसवायचे, हवे तिकडे वळवायचे. एकेकीची किंमत अशी, की घेण्याआधी महिनोन् महिने विचार करावा लागे.

आणि तो विचार व्हायचा फोटोंवरून. कंपनीच्या फोटोंवरून नव्हे. "कंपनीचा फोटो म्हणजे स्थळाबरोबर आलेला फोटो," सुहेर म्हणायची. "मुलगी खरी कशी आहे ते तिच्या घरी अवचित गेल्यावर कळतं." इजिप्तभरच्या बाहुलीवाल्या बायकांचा फोनवर एक गट होता. कुणी एकीनं बाहुली घ्यायची, आपल्या घरात, आपल्या उजेडात तिचा फोटो टाकायचा, आणि तो बघून बाकीच्यांनी आपापलं ठरवायचं, असा रिवाज.

त्यात कैरोची ती नेविन. मेलीच्या हातात काय होतं देव जाणे! तिनं एकदा आपली लिएन जातीची बाहुली वेताच्या खुर्चीत बसवली. मागं पडदा, शेजारी अर्धा प्यालेला चहाचा पेला. बस्स, एवढंच. पण ती अशी बसली होती, की आत्ता म्हणेल, साखर कमी पडली. कंपनीच्या फोटोत ह्याच लिएनकडे सुहेरनं ढुंकूनही पाहिलं नव्हतं. नेविनच्या घरात पाहिली आणि तिच्या पोटात आग पडली. घ्यायची तर हीच.

फोटोखाली सगळ्यांनी लिहिलं, "माशाल्लाह, माशाल्लाह." कौतुक करताना ते म्हणायचंच असतं, नाहीतर नजर लागते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. सुहेरनं लिहिलं, "छान आहे." ती विसरली नव्हती. बोटं तिथवर गेली आणि माघारी आली.

२

लिएन आली, आणि सुहेरचा चेहरा पडला.

तेच नाक, तेच ओठ, तोच फिकट रंग. पण नेविनच्या खुर्चीतली ती आणि ही, दोघी एका साच्यातल्या हे कुणाला सांगून पटलं नसतं. सुहेरनं वेताची खुर्ची पैदा केली, चहाचा पेला ठेवला. आईच्या जुन्या ओढणीतून जर्दाळू रंगाचा झगा शिवला, गळ्याला बारीक टाक्यांची वेल काढली. फोटो टाकला. चार बायकांनी "छान" म्हटलं. नेविननं म्हटलं, "माशाल्लाह, झगा सुंदर." झगा! म्हणजे बाहुली नाही. सुहेरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

बाकीच्या बाहुल्या आतल्या कपाटात होत्या; लिएन एकटी सोफ्यामागच्या फळीवर गेली आणि सुहेर परत फोनकडे वळली. नेविनचे जुने फोटो, नेविनचे नवे फोटो. तांता गावची एक शादिया होती, तिचे फोटो. बघायचं, जळायचं, पुढची कुठली घ्यायची ते मनात घोळवायचं.

एकदा ती चहाचा पेला ठेवायला उठली आणि सहज फळीकडे बघितलं. लिएनचे डोळे खाली वळलेले होते.

तिनं स्वतः ते सरळ बसवले होते, समोरच्या भिंतीकडे. "मेण वितळलं," ती म्हणाली. ह्या दमट हवेत दाराची लाकडं फुगतात तिथं मेणाचं काय? तिनं डोक्याचं टोपण काढलं, डोळे सरळ केले, नवं मेण दाबून भरलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली. ह्या खेपेला मात्र सुहेरनं जरा नीट पाहिलं. डोळे नुसते खाली नव्हते, थोडे उजवीकडेही होते. ती लिएनशेजारी उभी राहिली, वाकून तिच्या डोळ्यांच्या रेषेत आपलं डोकं आणलं आणि ती रेष कुठं जाते ते पाहिलं. सोफ्याच्या उजव्या कोपऱ्यात, ती बसते तिथल्या उशीच्या जरा वर. फोन धरते तिथं.

"वेडी झालीस सुहेर," ती मोठ्यानं म्हणाली. मेण एकाच बाजूला पाझरतं, कारण झडपांतून ऊन त्याच बाजूनं येतं. हे उत्तर तिला पटलं. तरी त्या दिवसापासून ती सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात बसू लागली. आणि मेण डावीकडे पाझरू लागलं.

३

नेविनच्या लिएनला तडा गेला.

गटात रडारड झाली. बाहुली खुर्चीतच होती, पडली नाही, कुणी हात लावला नाही, आणि सकाळी हनुवटीपासून कानापर्यंत चीर. नेविननं लिहिलं, "कुणाची नजर होती ती देवाला ठाऊक."

सुहेरनं ते वाचलं, आणि खोटं कशाला बोला, तिला गोड वाटलं. आदल्या दुपारीच तिनं तो फोटो बोटांनी मोठा करकरून बघितला होता. चहा गार होईपर्यंत. मग त्या गोडव्याखालून भीती वर आली.

पुढं शादियाची बाहुली. आतली रबराची दोरी तटकन तुटली आणि हातपाय, मुंडकं चहूकडे गेलं. तीही सुहेरनं दुपारभर बघितली होती. आता गटातल्या बायका काही आंधळ्या नव्हत्या. माशाल्लाह कोण लिहितं, कोण लिहीत नाही, हे बघायला त्यांच्याकडे वेळच वेळ. "काही काही डोळे गरम असतात बाई," कुणीतरी लिहिलं. नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती.

त्याच गटात नुसती गंमत बघायला म्हणून आणखी एक बाई शिरलेली होती. इनायत हानिम, रदवाची सासू. कैरोत मोठं घर, मोठं कपाट, मोठं तोंड. तिच्या तोंडून गोष्ट कुवेतला पोचली.

४

रदवाला दिवस गेले होते. आधी दोनदा गर्भ टिकला नव्हता, म्हणून ह्या खेपेला सगळं गुपचूप होतं. सुहेर नातवंडाच्या नुसत्या विचारानं हरखून गेली होती. बाहुल्यांचं काय, त्या आल्या आणि गेल्या. पण रदवाचं बाळ!

"तुझा एक फोटो तरी पाठव गं," ती फोनवर म्हणाली. "पोट केवढं झालंय बघू दे."

"नंतर पाठवते, मम्मा."

"नंतर कधी? इनायतनं पाहिलं ना? त्या दिवशी मलाच सांगत होती, मुलगीच होणार, पोट गोल आहे म्हणून!"

मग रदवा हळू आवाजात म्हणाली, "मम्मा, रागावू नकोस हं. बाळ झालं तरी सबू होईपर्यंत फोटो नाही पाठवणार. सातवा दिवस होऊ दे, धूप फिरू दे, मग."

"सगळ्यांनाच नाही, की मलाच नाही?"

"मम्मा..."

"मलाच नाही."

"तू मनानं वाईट नाहीस," रदवा म्हणाली. ती रडत होती. "पण तुझी नजर... तूच सांग, मी काय करू? दोन गेलीत माझी."

सुहेरनं फोन ठेवला. बाळंतपणाला कुवेतला कोण जाणार, तर इनायत हानिम. बाळाला पहिल्यांदा कोण घेणार, तर इनायत हानिम. आणि जन्मदात्या आईला फोटोची बंदी. असा जळफळाट तिला नेविनच्या फोटोंनीही कधी दिला नव्हता. मागं फळीवर लिएन होती. सुहेरनं मान वळवली नाही.

५

वरच्या मजल्यावर फिक्रिया मावशी, सगळ्यांच्या तन्त फिक्रिया, राहायच्या. साऱ्या इमारतीची दृष्ट त्या काढायच्या, आणि साऱ्या इमारतीची टवाळीही त्याच करायच्या.

"तुझी दृष्ट काढू?" त्या हसल्या. "अगं, लोक तुझी नजर लागली म्हणून माझ्याकडे येतात!"

"तेच बघायचंय, तन्त. माझी आहे का ते."

मग त्या हसल्या नाहीत. निखारे घेऊन खाली आल्या. कागदाची बाहुली कापली, टाचणीनं एकेकीचं नाव घेत भोसकत गेल्या, "नेविनच्या डोळ्यातून, शादियाच्या डोळ्यातून, इनायतच्या डोळ्यातून, आणि सुहेरच्या स्वतःच्या डोळ्यातून." कागद निखाऱ्यावर टाकला. त्यावर तुरटीचा खडा ठेवला आणि धुपाटणं सुहेरच्या डोक्याभोवती फिरवलं. तुरटी तडतडली, फुगली, पांढरी पडली. जळलेल्या तुरटीला नजर लावणाऱ्याचा आकार येतो. बाईचा, बाप्याचा, कधी नुसत्या डोळ्याचा.

तन्त फिक्रियांनी ती चिमट्यानं उचलून उजेडात धरली. चष्मा नाकावर सरकवला.

"बाईच आहे. सडपातळ. म्हणजे तू नव्हेस, एवढं नक्की," त्या म्हणाल्या. आणि थांबल्या. "पण ही कोण गं? हिच्या कोपरांना गोट्या का आहेत?"

सुहेरनं बघितलं. कोपरांना होत्या. गुडघ्यांना होत्या. मानेखाली एक होती. डोकं जरा खाली आणि बाजूला वळलेलं होतं.

तुरटी ती. फुगते, फोड येतात, बघणाऱ्याला हवं ते दिसतं. हे सगळं सुहेरला कळत होतं. तरी तिच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "अल्हम्दुलिल्लाह." तिची नव्हती. नजर तिची नव्हती!

फळीकडे बघत तिनं आठवून पाहिलं. नेविनचा फोटो ती इथंच बसून बघत होती, ह्या फळीला पाठ करून. शादियाचाही इथंच. इतक्या खटपटीनं आणलेलं कुणीतरी मागं बसलेलं, आणि सुहेरचे डोळे सदा दुसऱ्यांच्या बाहुल्यांवर. हे दुखणं तिला परकं नव्हतं. तिनं पटकन दुसरा विचार सुरू केला.

तन्त फिक्रिया खडा रस्त्यावर फेकायला निघाल्या होत्या. दारात वळून म्हणाल्या, "घरात काही असेल तर बाहेर काढ. आणि फेकून दे, कुणाला देऊ नकोस."

६

फेकून दे! तन्त फिक्रियांना काय जातंय म्हणायला? पेन्शनीतून साठवून घेतलेली वस्तू. शिवाय नेविन चीर गेलेलीच्या बदल्यात दुसरी लिएन शोधत होती, हे गटात सगळ्यांना माहीत होतं. सुहेरनं ते मनात आणलं नाही असं म्हणायला जीभ रेटत नाही. आणलं, आणि जिभेवर घोळवलंही.

विकायची तर फोटो हवा. तिनं लिएनला उचललं, झगा झटकला, केस विंचरले, डोळे सरळ करून मेण भरलं. ह्या वेळी चहाचा पेला नाही, वेताची खुर्ची नाही. झडपा उघडल्या, खिडकीच्या कट्ट्यावर बसवलं आणि फोन समोर धरला. पहिल्यांदाच ती नेविनच्या फोटोचा विचार न करता हिच्याकडे बघत होती, कारण ही आता जायची होती.

फोटो तिनं डोळ्यांजवळ आणला. खिडकीत एक मुलगी बसली होती. कुणीतरी शेवटी हाक मारली म्हणून नुकती वळलेली.

गट वेडा झाला. "माशाल्लाह! माशाल्लाह!" थांबेचना. नेविननं लिहिलं, "सुहेर, कंपनीच्या फोटोत ही अशी का दिसत नाही गं?" वर्षानुवर्षं जे ऐकायला कान आसुसले होते ते हेच. सुहेरनं ते पुन्हा पुन्हा वाचलं.

सौदा कैरोतल्या एका मध्यस्थ बाईमार्फत लगेच झाला. घेणारीचं नाव विचारायचं नसतं. वस्तू घरात येऊन धूप फिरेपर्यंत कोणी आपण काय घेतलं ते सांगत नाही, उगाच कुणाची नजर नको. सुहेरनं मनातल्या मनात नेविनचा पत्ता घातला आणि खोकं रवाना केलं. त्या रात्री तिला छान झोप लागली.

७

बाळ झालं. मुलगी, नाव हनीन. सुहेरला फोनवर रडणं ऐकवलं, चेहरा दाखवला नाही. ती थांबली. फळी रिकामी होती, घरात काही उरलं नव्हतं, आता कसली भीती?

सबूच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, फोटो आला. "मम्मा, घे. आता पोटभर बघ."

सुहेरनं चष्मा ओढणीनं पुसला. बाळाचं कपाळ रदवाचं, हनुवटी सुहेरच्या नवऱ्याची, देव त्याला शांती देवो, आणि मूठ अशी आवळलेली, जणू काही सोडणारच नाही. "माशाल्लाह," ती म्हणाली. "माशाल्लाह, माशाल्लाह." ह्या खेपेला काही अडखळलं नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मग पाळण्याच्या कोपऱ्यात तिला जर्दाळू रंग दिसला.

गळ्याला बारीक टाक्यांची वेल. डोळे तिनं सरळ बसवले होते. आता ते खाली आणि बाजूला होते, बाळाच्या तोंडावर.

तिनं फोन लावला. "रदवा, ती बाहुली कुठून आली?"

"आवडली? इनायत तन्तनी आणली कैरोहून. कुठल्या गटात म्हणे फोटो बघितला, खिडकीत बसलेली. कुणाची ते काही सांगितलं नाही. म्हणाल्या, फोटो बघितला आणि राहवेचना, बाळाला हीच न्यायची. का गं?"

"ती पाळण्यातून काढ. आत्ताच्या आत्ता. घराबाहेर टाक."

मागं बाळ रडत होतं, घसा बसल्यासारखं.

"मला वाटलंच होतं," रदवा म्हणाली. "त्यांनी काही आणलं की तुझ्या पोटात दुखणारच. निदान हनीनच्या बाबतीत तरी, मम्मा!"

"अगं, जळत नाही मी! माझीच होती ती. मीच विकली."

"तू विकलीस? मग वाईट होती म्हणून विकलीस, की त्यांनी घेतली म्हणून आता वाईट झाली?"

वाईट होती म्हणून विकली म्हणावं, तर ती दुसऱ्या कुणाच्या घरी तरी धाडलीच ना. तिनं विचारलं, "बाळ का रडतंय?"

"सकाळपासून चाललंय. अंग कोमट लागतंय, दूध घेत नाही. डॉक्टर म्हणाले, काही नाही. घर पाहुण्यांनी भरलंय, जो तो तिच्याकडेच बघत बसतो."

"आणि बाहुलीकडे?"

"काय?"

"बाहुलीकडे कोणी बघतं का गं? एकदा तरी बघ. तिला म्हण, किती सुंदर आहेस. देवाच्यान रदवा, हसू नकोस, एकदा म्हण."

रदवा हसत नव्हती. "बाळ सोडून बाहुलीकडे कोण बघेल, मम्मा?" ती दमलेल्या आवाजात म्हणाली आणि फोन बंद झाला. पुन्हा लावला तर उचलला नाही.

सुहेरनं फोटो उघडला. पाळणा, चादर, बाळ, कोपऱ्यात ती. तिचं सगळं मन त्या कपाळाकडे, त्या मुठीकडे ओढ घेत होतं. तिनं डावा अंगठा उचलला आणि बाळाच्या चेहऱ्यावर ठेवला. मग लिएनकडे बघितलं.

"माशाल्लाह," ती म्हणाली.

कोरडं निघालं. तिला स्वतःलाच ते ऐकू आलं. ती सोफ्यावर नीट बसली, फोन जवळ धरला. तिनं पहिल्यांदाच पाहिलं, की एका भुवईचा केस दुसरीपेक्षा जरा वर रंगवलाय. नाकाच्या शेंड्यावर बारीकसा डाग आहे, फळीवर इतके महिने असून कधी दिसला नव्हता. "किती सुंदर आहेस गं तू," ती म्हणाली. "मी तुला नीट पाहिलंच नाही. नेविनची कुठं आणि तू कुठं. माशाल्लाह. तुझ्यासारखी कोणी नाही." बोलता बोलता ते तिला खरं वाटायला लागलं.

फोनवर रदवाचा निरोप आला. "झोपली एकदाची. आत्ताच. घामही आला. उगाच बोलले तुला. हा घे अजून एक फोटो."

सुहेरनं आधी अंगठा ठेवला, मग फोटो मोठा केला. लिएनचे डोळे आता बाळावर नव्हते. ते सरळ समोर होते, फोटो काढणाऱ्याच्याही पलीकडे, थेट तिच्याकडे. नुकती कुणी हाक मारल्यासारखे.

"हो, आहे मी," सुहेर म्हणाली. "इथंच आहे. तुझ्याकडेच बघतेय."

खाली ट्राम गेली. चहा गार झाला. अंगठ्याखाली नातीचं तोंड होतं आणि तो उचलायची तिची हिंमत नव्हती. फोनच्या कोपऱ्यात बॅटरीची खूण लाल झाली, तशी ती उठली आणि पडद्यावरची नजर न काढता, एका हातानं भिंत चाचपत, चार्जर शोधायला निघाली.